काचेवरची चार नावं

सोमवार, १० फेब्रुवारी

बनू, तुझा गुडघा कसा आहे? रोज शेकतेस, की शेकते असं नुसतं सांगतेस? दाजींचं बीपी तपासलं का, आणि मिठाची बरणी त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवलीस का? आपल्या नातीची, तेजलची परीक्षा जवळ आली असेल. थंडीत तिचा दमा उठतो, तेव्हा पंप तिच्या पिशवीत आहे का हे तूच बघत जा, पोरगी विसराळूपणात माझ्यावर गेली आहे. चंदरच्या खोकल्याची चौकशी मात्र मी इथून स्वतः जाऊन करीन, तो आता पलीकडच्याच स्टेशनावर, अंबरनाथला आहे. आणि म्हैस व्याली का तेही कळव. तीही घरातलीच.

तुला फोनवर धड ऐकू येत नाही आणि माझं पत्र एका बैठकीत कधी पुरं होत नाही, म्हणून ही वही केली. रोज थोडं लिहीन आणि शनिवारी पानं फाडून टपालात टाकीन. तेजल वाचून दाखवील.

पोचलो सुखरूप. बदलापूरला उतरलो आणि रिक्षावाल्याला शिरगाव सांगितलं तर तो म्हणाला, कुठलं शिरगाव, नवीन का जुनं. उल्हासनगरला चंदर आणि मी एका बाकावर बावीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, तेव्हा इथे भाताची शेतं होती. आता इमारतींना इमारती चिकटल्यात. माझी जागा तळमजल्याची आहे. पुढे दुकानाचा गाळा, मागे झोपायची खोली, मोरी, आणि खिडकीतून इमारतींच्या फटीत डोंगराची एक फाक दिसते. अडुसष्टाव्या वर्षी कोणी कामाला बोलावतंय, हात अजून कोणाला तरी हवेत, याचंच बरं वाटतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

काम सांगतो. मालक दिपेश, उल्हासनगरचा सिंधी मुलगा, चाळिशीचा असेल. भंगारातून जुने व्हिडिओ गेम उचलतो. ऐंशी-पंच्याऐंशी सालचे, लाकडी पट्टीचे, कोणीतरी दुबईहून आणलेले आणि माळ्यावर पडलेले. आपण ते चालू करून द्यायचे, तो परदेशातल्या शौकिनांना विकतो. मला म्हणाला, "काका, तुम्ही फक्त जिवंत करा, बाकी मैं देखता हूँ."

जेवणाची सोय शेजारच्या शालनबाईंकडे. त्या डबे देतात. बाई तोंडाची फटकळ पण हाताला चव आहे. माझ्या डब्यावर चिकटपट्टीवर आण्णा असं नाव होतं. ते माझ्याआधी या बाकावर बसत, चार वर्षं होते. शालनबाईंनी ती पट्टी न काढता तिच्यावरच माझ्या नावाची दुसरी पट्टी लावली. म्हणाल्या, आता हा डबा हिंदुरावांचा, काल कोणाचा होता ते डब्याला काय ठाऊक.

आण्णा का गेले विचारलं, तर म्हणाल्या की ते वांगणीला असतात, आणि भाजी कमी तिखट हवी का.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

इथे शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. दर शुक्रवारी नाही, पण गेली तर शुक्रवारीच, आणि आदल्या दिवशी फोनवर संदेश येतो. आज दोन तास गेली. गाळ्यात इन्व्हर्टर आहे, त्यावर बाकावरचा दिवा आणि एक टीव्ही चालतो. बॅटरी म्हातारी आहे, माझ्यासारखी, पण दोन तास निभावलं तिनं.

बाकावरचा टीव्ही चौदा इंची, जुन्या काचेचा, फुगीर. त्याच्या काचेच्या खालच्या कडेला चिकटपट्टीच्या डिंकाचे थर बसलेत. चार ठिकाणी, सारख्या अंतरावर. स्पिरिटनं पुसले, निघेनात.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज एक काम जमलं आणि हात खूश झाला. कपाटाच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेलं एक यंत्र मिळालं, त्यात कॅसेट खोचलेलीच. कॅसेटवरचा कागद फाटलेला, नाव नाही. पितळी दात काळे पडले होते. तेजलच्या जुन्या कंपासपेटीतला खोडरबर मी अजून हत्यारांत ठेवतो, त्यानं घासले, स्पिरिट लावलं, आणि पडदा लागला.

खेळ असा. वर काळ्या आभाळात एक मोठं यान लटकलेलं. खाली चंद्राची खडबडीत जमीन, तिच्यावर चार कडे, प्रत्येक कड्यावर एक अडकलेला माणूस. माणूस म्हणजे आठ-दहा ठिपके. पण दोन्ही हात वर करून हलवतो, आणि ते बघून जीव कसनुसा होतो. आपण छोटं यान घेऊन खाली जायचं, उडते दगड चुकवायचे, कड्यावर अलगद टेकायचं. माणूस पळत येऊन आत शिरतो, त्याला वर मोठ्या यानात सोडायचं. झाली सुटका. प्रत्येकाच्या पायाखाली निळी रेघ आहे, ती त्याची हवा. रेघ संपली की तो संपला. वरून जाताना लाल बटण दाबलं तर हवेची टाकी त्याच्याजवळ पडते आणि रेघ पुन्हा भरते.

छोटं यान वर नुसतं उभं ठेवलं तर हवा अगदी सावकाश उतरते, दिवसभरात बोटभर. म्हणून यंत्र बंद केलं नाही. दुरुस्त केलेली वस्तू दोन-तीन दिवस सतत चालवून बघायची, ही आमची जुनी रीत.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दुसरी रीत तुला ठाऊक आहे. आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं की नाव नसलेली वस्तू बाकावर राहू द्यायची नाही. आली की चिठ्ठी लावायची. वस्तू दुसऱ्याची झाली तर जुनी चिठ्ठी सोलायची नाही, तिच्यावर नवी लावायची, म्हणजे वरचं नाव ते खरं.

हे चौघे दोन दिवस माझ्या बाकावर बिननावाचे हात हलवत होते. आज दुपारी चहा पिता पिता मला हसू आलं आणि मी चिकटपट्टीचे चार तुकडे कापले. पहिल्या कड्याखाली चंदर. दुसऱ्या कड्याखाली दाजी. तिसऱ्याखाली तू, आणि चौथ्याखाली तेजल. म्हशीसाठी कडा उरला नाही. चिठ्ठ्या डिंकाच्या जुन्या डागांवर बरोब्बर बसल्या.

आता एकटं वाटत नाही. सकाळी उठलो की चौघांना हवा टाकतो, जशी तू परसातल्या कोंबड्यांना दाणे टाकतेस.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा कड्यावर टेकायला जमलं. दगड चुकवून चुकवून अंगठ्याला फोड आला. चंदर पळत आला आणि यानात शिरला, त्याला वर नेऊन सोडलं. छान सूर वाजतो तेव्हा. सवयीनं कामाच्या वहीत वेळ टिपली, अकरा वीस. उद्या अंबरनाथला जाऊन त्याला सांगणार आहे की तुला चंद्रावरून सोडवला, आता भजी आण.

बुधवार, १९ फेब्रुवारी

चंदर गेला, बनू.

काल सकाळीच. मी आज त्याच्या दारात भज्यांची गोष्ट घेऊन उभा, आणि आत माणसं जमलेली. मुलगा सांगत होता की बाबा खुर्चीत बसले होते, खोकला नव्हता, काही नव्हतं. एकदम उठले, दोन्ही हात वर केले, कोणाला तरी हाक मारल्यासारखे हलवले आणि पडले. वेळ विचारली. सव्वाअकरा-साडेअकरा, तो म्हणाला.

बावीस वर्षं एका बाकावर बसलो. आज जास्त लिहवत नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

यंत्र चालूच आहे. बंद करायला हात गेला होता, पण तुमच्या तिघांच्या चिठ्ठ्या बघून मागे घेतला. म्हातारपणाचा वेडेपणा समज. एक मात्र दिसतं की चंदरला उचलल्यापासून हवा जास्त वेगानं उतरते. खेळ असेच असतात, पुढे पुढे अवघड. मधे तासभर लाइट गेली, बॅटरीवर भागलं.

दुपारी शालनबाईंबरोबर दवाखान्यात गेलो, अंगठा दाखवायला. परत येतो तो दाजींची रेघ नखाएवढी राहिलेली. तेवढ्यात तेजलचा फोन. दाजींना धाप लागली आहे, तासाभरापासून, शब्द फुटत नाही. मी फोन कानाला धरून यान खाली नेलं आणि टाकी टाकली. रेघ भरली. पलीकडून तेजल म्हणाली, थांब आबा, उठून बसले, पाणी मागतायत.

मी पुन्हा पुन्हा तो विचार झटकतोय. पण विद्युतकामात एकदा झालं तर योगायोग म्हणावा. दोनदा झालं की तार शोधावी.

शनिवार, २२ फेब्रुवारी

या आठवड्याची पानं टाकत नाही, तू घाबरशील. मागाहून एकदम टाकीन.

सकाळपासून तार शोधली. मुद्दाम नाही, मुद्दाम असलं करण्याएवढा मी नीच नाही. डोळा लागला आणि तेजलची रेघ उतरली. तिला फोन केला तर तिनं पंप ओढला होता, दोनदा. टाकी टाकली. दोन मिनिटांत बरी.

म्हणजे खाली अडकलंय तोवर धोका आहे. माझी झोप लागली, अंगठा चुकला, लाइट गेली, की संपलं. मग त्यांना खाली ठेवायचंच कशाला? वर सोडवून ठेवावं, सुखरूप. दाजींना आधी, त्यांचं वय जास्त. दुपारी तीनला जमलं. दगड अंगावरून गेला, पण टेकलो, दाजी पळत आले, वर नेले. सूर वाजला. मी खुर्चीत रडलो बनू, आनंदानं.

रविवार, २३ फेब्रुवारी

तेजलचा फोन काल चार वाजताच येऊन गेला होता. मी तासभर झोपलो होतो. चार दिवसांत पहिल्यांदा शांत झोपलो होतो.

दाजी अंगणात उभे होते. दोन्ही हात वर केले.

मी केलं हे. सोडवणं म्हणजेच नेणं होतं. चंदरच्या वेळीच समजायला हवं होतं, वेळ तर मी माझ्याच हातानं लिहिली होती.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मी आलो नाही. तुझ्या नवऱ्याच्या मातीला तुझाच सख्खा भाऊ आला नाही. तेजल म्हणाली की आजी एकच विचारते, दादा का नाही आला, आणि भिंतीकडे तोंड करून पडते. तिला सांगितलं, अंगात ताप आहे. काय सांगू? दोघंच राहिलात आता खाली, तू आणि ती, आणि हवा दीड तासात उतरते. तुझ्याकडे यायचं तर कराडपर्यंतच सहा तास.

चिठ्ठ्या सोलून बघितल्या. चिठ्ठी निघाली, पण काचेवर नाव उमटलेलं राहिलं. पुसलं जात नाही. चिठ्ठी परत लावली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

शालनबाई एरवी डबा बाहेरच ठेवून जातात, आज आत डोकावल्या आणि पडद्याकडे बघून दारातच बसल्या. म्हणाल्या, हे कुठून काढलं तुम्ही, मी फडक्यात बांधून तळाशी ठेवलं होतं, दिपेशला दोनदा सांगितलं होतं भंगारात घाल. त्यांना वाटायचं आण्णांचं डोकं फिरलंय. चार वर्षं तो माणूस या खुर्चीतून उठला नाही. मग एका शुक्रवारी लाइट गेली, आणि इन्व्हर्टर मधेच बंद पडला. आण्णांची दोन माणसं उरली होती, पुतण्या आणि बहीण. दोघंही त्याच दुपारी.

त्यांनी वांगणीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आण्णांना माझं सांगितलं. मग आण्णांनी विचारलं, "नावं लावली का?"

मी हो म्हणालो.

"मग बंद करू नको. उचलू पण नको. हवा टाकत राहा," ते म्हणाले, आणि वर, "दमशील रे." फोन ठेवला.

बुधवार, २६ फेब्रुवारी

दमलो. तासाला टाकी, तुला एक, तिला एक, रात्रीही गजर लावून. मान ताठ झाली आहे. अंगठ्याला फडकं बांधलंय. डोळे मिटले तरी दगड उडताना दिसतात.

शालनबाई दुपारी दोन तास बसतात. आधी हात लावायला तयार नव्हत्या. आता माझ्यापेक्षा बरं उडवतात, म्हणतात, पोळ्या लाटून मनगट पक्कं झालंय, तुमच्यासारखं बायकी नाही. मी हसलो. हसल्यावर मानेत कळ आली.

दिपेशला नवी बॅटरी मागितली. तो फोनवर हसत सुटला, काका इस उमर में गेम का नाद. सोमवारी पाठवतो म्हणाला.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

संदेश आला. उद्या सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच.

आठ तास. बॅटरी तीन तास देईल, फार तर.

शालनबाईंनी दिराच्या रिक्षाची बॅटरी विचारली, तो गावाला गेलाय. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याचा जनरेटर, त्याचा फ्रिज त्यावर, तो नाही म्हणाला. दिपेश फोन उचलत नाही.

तेजलचा उद्या पेपर आहे. आबा, आशीर्वाद दे म्हणाली. दिला. फोन ठेवून लगेच तिची टाकी टाकली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

नऊला गेली. बॅटरीवर आहे. पडदा थोडा आक्रसलाय.

साडेदहा. दोघींना हवा टाकली. तुम्ही हात हलवता आणि मला खाली येता येत नाही.

अकरा वीस. इन्व्हर्टर वाजायला लागला. मधूनमधून. म्हणजे अर्धा तास, कमीच.

शालनबाई डबा घेऊन आल्या. मी खाल्लं नाही, नुसता डबा समोर ठेवून बघत बसलो. माझ्या नावाची पट्टी एका कोपऱ्यात सुटली होती, खाली आण्णा दिसत होतं. आणि मी असा मूर्ख, चाळीस वर्षं हीच रीत पाळतोय. सोलायचं नाही. वर लावायचं. वरचं नाव ते खरं.

तेजलच्या नावावर माझी चिठ्ठी लावली. हिंदुराव.

मग तुझ्या नावावरही. एका गिऱ्हाइकाचे दोन नग बाकावर असतातच. आमच्यात चालतं ते.

छातीवर जातं ठेवल्यासारखं झालं. दोन जाती. म्हणजे लागू पडलं. हवा टाकली, हलकं झालं. पुन्हा उतरतेय. आता दोन्ही रेघा माझ्याच.

शालनबाईंनी तेजलला फोन लावला. पेपर देऊन बाहेर आली होती. म्हणाली, काल रात्रीपासून छाती भरली होती, आत्ता एकदम मोकळी झाली, पंप न घेता. तिनं घरी फोन करून विचारलं. तू उठलीस म्हणे. चहा मागितलास.

 शालनबाई रडतायत. त्यांना सांगितलं, ही सगळी पानं टपालात टाका, एकही गाळू नका. आणि मग टीव्ही फोडा. यंत्रही. नाव लावून ठेवू नका कशाला—

दाजींचं माफ कर. सोडवतोय असं वाटलं होतं.

आवाज आता सलग. पडदा बारीक होत चाललाय, चारी बाजूंनी. दोघे अजून हात—

धाप. लिहिणं—

बनू, पत्र लवकर टाक. उशिरा पोचलं तरी टाक. दोघी मोकळा श्वास घेता ना, पेपर कसा गेला, गुडघा शेक— आणि म्हैस व्याली का तेवढं ल—